तेल सुटेपर्यंत

विल्नरनं मॉन्ट्रियलहून मिक्सर धाडला
जुन्या स्वेटरात गुंडाळून, निळ्या पिंपातून.
पिंप पाच आठवडे बंदरात अडकून पडलं होतं.
वर तांदूळ, मग साबण,
मग आईच्या पायाला न होणारे बूट,
आणि तळाशी हा,
काचेच्या भांड्याचा, एकही तडा न गेलेला.

बाजारात गाढव घेताना बघतात
तसं आईनं त्याच्याकडे चहूबाजूंनी बघितलं.
"काय खातो?"
"वीज," मी म्हटलं.
"मग उपाशी मरेल."

जाकमेलच्या आमच्या गल्लीत वीज येते
ती रात्री दोनच्या सुमाराला,
न सांगता. कुणाच्या तरी घरात
चालू राहिलेला रेडिओ
एकदम मोठ्यानं प्रार्थना म्हणू लागतो,
तेव्हा कळतं.

दाणे आम्ही दुपारीच भाजून ठेवले होते,
कोळशाच्या मंद आचेवर, हात न थांबवता.
तळव्यांत चोळले, सुपात पाखडले.
टरफलं मादाम इफोनीझच्या अंगणात उडाली,
तिनं खोकून दाखवलं.
माम्बाला मीठ लागतं, आणि एक मिरची.
एकच, पण अशी की ती चिरली
की आई दिवसभर डोळ्याला हात लावत नाही.

रेडिओ बोलला. गल्ली उठली.
कुणी इस्त्री लावली, कुणी फोन,
आम्ही मिक्सर.

आधी त्यानं नुसता आरडाओरडा केला.
मग दाण्यांचं पीठ झालं,
पिठाचा गोळा झाला,
आणि गोळा भांड्याच्या कडेला जाऊन बसला
रुसलेल्या जावयासारखा.
खाली पातं हवेतच गरगरत राहिलं.

"दमलं तुझ्या भावाचं यंत्र."
थांब, म्हटलं, त्यानं लिहून दिलंय:
कडा खरवडा. जरा थांबा. पुन्हा फिरवा.
आणि तळाशी, वेगळ्या शाईनं,
पाणी घालू नकोस.
आईनं कागद हातात घेतला.
तिला वाचता येत नाही.
"पाण्याचं ह्याला कुणी सांगितलं?
हा तर फक्त बोट बुडवायला यायचा."

खरवडलं. फिरवलं. पुन्हा खरवडलं.
चौथ्या वेळी आत काहीतरी सैल पडलं,
खडखड गेली, घुमणं आलं,
मधोमध खळगा झाला, कडेला
जराशी चमक,

आणि वीज गेली.

अंधारात काहीतरी फरफटत येत होतं.
मेणबत्ती लावली तर आई,
कडेवर तिची लोखंडी चक्की,
टेबलाला स्क्रूनं आवळायची,
दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी.
हिच्यापायीच तिचा उजवा खांदा गेला.
खांद्यापायीच तर तो मिक्सर.

तिनं अर्धवट गोळा वरून चक्कीत ढकलला.
दांडा मी धरला.
बोटानं ढकलावा इतका हलका फिरला तो,
आणि खालून सोनेरी, सलग,
घाई नसलेली धार.
आईनं एक थेंब मनगटावर घेतला,
चाटला, डोळे मिटले.
"तेल सुटलं," म्हणाली. मग काही वेळानं,
"अर्धं काम करून ठेवलं होतं की त्यानं."
मिक्सरनं, की विल्नरनं,
मी विचारलं नाही.

अकरा बाटल्या भरल्या. बारावी भरली नाही,
ती आम्ही कसावाच्या भाकरीला लावून
तिथेच, उभ्यानं खाल्ली.

बटण बंद करायचं मात्र दोघींच्याही ध्यानात राहिलं नाही.

पहाटे वीज परत आली
आणि रिकाम्या स्वयंपाकघरात
तो एकटाच ओरडायला लागला.
मी उठेपर्यंत आई अनवाणी धावत सुटलेली,
"आले, आले रे,"
कुणी बाहेरगावहून येऊन दार वाजवावं तशी.

बटण दाबून झाल्यावरही
बराच वेळ तिथंच उभी होती,
त्याच्या झाकणावर हात ठेवून,
तो निवेपर्यंत.